खेळाडूची कोच होताना आधी पाय बघायला शिका

कॉलेजमध्ये मी चार वर्षं बास्केटबॉलच्या टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारी खेळाडू, म्हणून खेळले आणि पुढच्याच सीझनला अकरा-बारा वर्षांच्या मुलींची टीम हातात घेतली. आपल्याला खेळता येतं म्हणजे शिकवताही येईल, असं मी धरून चालले होते. पहिल्याच आठवड्यात ते खोटं ठरलं.

एका मुलीला उजव्या हाताचा लेअप, म्हणजे दोन पावलं टाकून उडी मारत रिंगजवळून बॉल टाकणं, जमेना. मी करून दाखवला. सहा वेळा दाखवला. ती मान डोलवायची आणि पुन्हा तशीच अवघडून उडी मारायची. ‘अगं, असा!’ यापलीकडे माझ्याकडे शब्दच नव्हते. सगळ्या गेल्यावर रिकाम्या कोर्टवर मी तोच लेअप अगदी सावकाश, चालत केला आणि स्वतःचे पाय पाहिले. उजवा, डावा, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर. इतकी वर्षं पाय हे आपसूक करत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या पायांकडे पाहिलं, तर ती उजव्यावरूनच उडत होती.

तेव्हा तुम्हीही सुरुवात इथूनच करा. लेअप, चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी दिलेला पास), पिव्होट (एक पाय रोवून वळणं), डिफेन्समधली सरक, जे जे तुम्हाला न विचार करता येतं, ते सावकाश करा आणि पाय कुठे, हात कुठे, नजर कुठे हे स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. मग शिकवताना शेपटीकडून शिकवा. त्या मुलीला मी आधी बोर्डाजवळ डाव्या पायावर उभं केलं आणि बॉल फक्त बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर लावायला सांगितला. मग एक पाऊल मागे, मग दोन. जमिनीवर खडूने दोन खुणा केल्या. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, सगळ्यात शेवटी आला. तिसऱ्या दिवशी तिचा बॉल जाळीतून गेला, तेव्हा तिच्याइतकीच मी हरखले.

लहान मुलांच्या हातात सात नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा बॉल देऊ नका. बारा वर्षांपर्यंतच्या मिनी-बास्केटबॉलला पाच नंबरचा बॉल असतो आणि रिंग 3.05 ऐवजी 2.60 मीटरवर. जड बॉल मूल कमरेपासून फेकतं, आणि ती सवय मोडायला पुढे फार घाम गाळावा लागतो.

प्रॅक्टिस कागदावर मिनिटांत लिहून काढा. बारा मुली एका रांगेत, प्रत्येकीला पाच सेकंद, म्हणजे दहा मिनिटांत एकीच्या वाट्याला जेमतेम दहा लेअप. बाकी वेळ ती नुसती उभी. दोन्ही रिंगा वापरल्या की तेवढ्याच वेळात वीस होतात. रांग दिसली की ती मोडायची, हे मी अजून पाळते.

बोलणं कमी आणि नेमकं ठेवा. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांनी 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1974-75 च्या सीझनमध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रॅक्टिसला बसून त्यांचं बोलणं मोजलं. नुसती शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास, रागावणंही जवळपास तेवढंच; बहुतेक सगळं म्हणजे काय करायचं आणि कसं, याच्या छोट्या सूचना. ‘छान!’ म्हणण्याऐवजी ‘कोपर आत राहिलं, असंच’ म्हणा. मुलीला काय टिकवायचं ते कळतं.

कोचिंगचा कोर्स आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आधी उरकून घ्या. जमल्यास एखाद्या अनुभवी कोचच्या हाताखाली सीझनभर सहायक व्हा आणि आकडे लिहायचं काम मागून घ्या. मी ते नंतर दोन वर्षं केलं. बॉल कुठे गमावला याच्या खुणा करता करता लक्षात आलं, की आमच्या मुली बहुतेक वेळा ड्रिबल थांबवल्यावर, पास कुठे द्यायचा ते शोधतानाच बॉल गमावत होत्या. खेळत असताना मला हे कधी दिसलं नव्हतं.

मॅच थांबवून टीमशी बोलायला मिळणारा टाइमआउट एका मिनिटाचा असतो. पहिली पंधरा सेकंदं पाणी आणि श्वास. मग एकच गोष्ट सांगा, शक्यतो बोटाने कोर्टवरची जागा दाखवून. आणि शिट्टीआधी एकीला ती परत बोलून दाखवायला लावा. तिला सांगता आली नाही, तर उरलेल्या सेकंदांत नवीन काही न काढता तीच पुन्हा सांगा.