पोलंडच्या इंग्रजी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताय?

पोलंडमधल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते, तेव्हाच ही शिबिरं भरतात. पण आधी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या मागे लागा. 2024 पासून मुलांसोबत काम करणाऱ्या परदेशी माणसाला स्वतःच्या देशाचं, शिवाय गेल्या 20 वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या देशांचंही प्रमाणपत्र द्यावं लागतं. भारतातलं पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं. पत्ता बदलला असेल तर पडताळणी लांबू शकते.

वर्गात मुलं ‘आय हॅव डॉग’ म्हणतील, कारण पोलिशमध्ये इंग्रजीतली ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) ही आर्टिकल्स नाहीतच (मराठीत तरी कुठे आहेत!). मध्येच टोकलंत की लाजरी मुलं गप्प बसतात. ‘ओह, यू हॅव अ डॉग! बिग ऑर स्मॉल?’ असं बरोबर वाक्य सहज म्हणून लगेच पुढचा प्रश्न टाका.