परम सुपरकम्प्युटरवर वेळ मागताय? आधी कोअर-आवर मोजा

राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन २०१५ पासून आहे, पुण्यात, बंगळुरात परम मशिनी आहेत, पण ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात बसून आपण फॉर्मात ठोकून देतो "१ लाख कोअर-आवर" (एक कोअर, म्हणजे प्रोसेसरचा एक गणित करणारा भाग, एक तास चालला की एक कोअर-आवर), आणि कशाला ते विचारलं की गप्प. माझा पहिला अर्ज तसाच परत आला!

आधी आपल्या प्रोग्रामचा छोटा रन करा. समजा ४८ कोअर, १० तास, म्हणजे ४८० कोअर-आवर. असे ४० रन म्हणजे १९,२००, वर थोडे फसलेल्या रनसाठी. हाच हिशेब अर्जात लिहा, आणि २४, ४८, ९६ कोअरवर वेळ किती घटतो त्याचा तक्ता जोडा, तो मस्टच. स्टोरेज, सॉफ्टवेअरचं लायसन पण लिहा. गाईडची सही चतुर्थीच्या सुट्टीआधी घ्या हां, नंतर सर गावाला जातात.