गाडीच्या रंगावरचे पांढरे डाग: घासू नका, विरघळवा

मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा, क्षणभरही ठेववत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर बोअरच्या पाण्याचा थेंब पडला की बघता बघता आटतो आणि मागे पांढरट कडं सोडून जातो, मधे फिकट आणि काठाला जाड. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. महिनाभरात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचा टप मीठ शिंपडल्यासारखा दिसू लागतो.

मुंबईत नळाच्या पाण्याने असे डाग फारसे पडत नाहीत. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं. ते मुळात पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. डाग पाडतं ते बोअरचं आणि टँकरचं पाणी. सोसायटीच्या पार्किंगमधला पाइप बऱ्याचदा बोअरच्याच लाइनवर असतो आणि ते योग्यही आहे, पिण्याचं पाणी गाड्यांवर ओतू नये. पण जमिनीतून झिरपताना या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतात. खाडीजवळ तर ते मचूळही लागतं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मात्र रंगावरच बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे अशा क्षारांची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

आपलं पाणी कसं आहे हे कळायला यंत्र लागत नाही. काचेच्या ताटलीवर नळाच्या, बोअरच्या आणि प्युरिफायरच्या पाण्याचा एकेक थेंब टाका आणि ताटली उन्हात ठेवा. सुकल्यावर कोणता थेंब किती मागे ठेवून गेला ते डोळ्यांनाच दिसतं. चौथा थेंब आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचाही टाका. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत तेच बादलीत साठवून गाडीला वापरतात. हेतू चांगला, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने लादी पुसा, गाडी नको.

डाग दिसले की पहिला हात जातो तो घासणीकडे. तो आवरा. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. कोरडं फडकं जोरात घासलं तर क्षारांचे कणच सँडपेपरसारखे फिरतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एका काकांनी वैतागून टॉयलेट क्लीनर पातळ करून फिरवला होता. डाग गेले, पण चार दिवसांत दारांच्या क्रोम हँडलवर काळपट चट्टे उठले आणि वायपरखालचं काळं प्लास्टिक पांढरं पडलं. त्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. काकांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं, कारण तो डाग व्हिनेगरने गेला असता.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरुवात करा.

आधी गाडी नीट धुऊन घ्या. वरून भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्या, मग कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरचं फडकं. भांड्यांचा साबण नको, तो मेणाचा थर काढून टाकतो. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. मुंबईच्या धुळीत बांधकामाची रेती असते, ती फडक्यात राहिली की ओरखडे आलेच.

गाडी पुसून कोरडी करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून डाग बघा. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोट फिरवा. खरखर लागली तर क्षार वर बसलेले आहेत, ते निघतील. बोटाला गुळगुळीत लागतंय पण डोळ्याला कडं दिसतंय, तर डागाने क्लिअर कोट खाल्ला आहे. त्याला व्हिनेगर काही करणार नाही, त्याचं पुढे सांगतो.

खरखरीत डागांसाठी साधं पांढरं व्हिनेगर आणि तितकंच डिस्टिल्ड वॉटर एकत्र करा. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून ते गॅरेजमध्ये किंवा स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं. आधी दाराच्या आतल्या काठावर, न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. रंग उडालेल्या, तडकलेल्या किंवा पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर विशेष जपून. सगळं ठीक दिसलं तर मिश्रणात भिजवलेलं मऊ फडकं डागांवर नुसतं पसरून ठेवा, एक ते दोन मिनिटं. घासायचं नाही. आम्ल क्षार विरघळवतं, त्याला तेवढा वेळ द्यायचा. मिश्रण सुकू मात्र देऊ नका. मग हलक्या हाताने पुसा, शॅम्पूच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. एका वेळी अर्ध्या बॉनेटपेक्षा मोठा भाग घेऊ नका. एकदा करून राहिलं तर दुसऱ्यांदा करा, मिश्रण तीव्र करू नका. पार्किंगमध्ये संगमरवर किंवा कोटा असेल तर तिथे ओघळू देऊ नका, त्या दगडाला आम्ल चालत नाही. मॅट रंगाच्या गाडीवर आणि रंगावर चढवलेल्या फिल्मवर हे करू नका, तिथे त्या कंपनीने सांगितलेलंच वापरा.

तरी खरखर उरली तर क्ले बार. ही गाडीच्या रंगासाठीच बनवलेली, मळलेल्या कणकेसारखी कृत्रिम चिकणमाती असते. तळहाताएवढा तुकडा चपटा करा, पॅनलवर शॅम्पूचं पाणी भरपूर मारा आणि जोर न देता सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. सुरुवातीला बोटांना खरखर जाणवते, बारीक आवाजही येतो. पाच-सहा वेळा गेल्यावर आवाज थांबतो आणि क्ले तेलावरून सरकल्यासारखी सरकते. तिथेच थांबा. क्ले काळी झाली की दुमडून स्वच्छ बाजू घ्या. खाली जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्या, एक खडा संपूर्ण दाराला रेघा पाडतो.

गुळगुळीत पण दिसणाऱ्या, म्हणजे खोल गेलेल्या डागांना बारीक कणांचं फिनिशिंग पॉलिश लागतं. फोमच्या पॅडने, दोन फूट बाय दोन फुटांत, हलक्या हाताने. प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा झिजतो, म्हणून दर महिन्याला पॉलिश करून घेऊ नका. डाग फार खोल असतील तर मशीनचं काम चांगल्या डिटेलिंगवाल्याकडेच द्या आणि आधी रंगाची जाडी मोजायला सांगा.

व्हिनेगर आणि क्लेने आधीचं मेणही निघतं, त्यामुळे शेवटी वॅक्स लावलंच पाहिजे. मेणावर थेंब गोळा होऊन घरंगळतो, पसरत नाही.

स्टिल्ट आणि बेसमेंट पार्किंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पावसाळ्यात स्लॅबमधून ठिबकणारं पाणी साधं नसतं. काँक्रीटमधला चुना विरघळवून येत असल्यामुळे ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि रंगाला इजा करतं. थेंबाखाली गाडी रात्रभर राहिली तर सकाळी टपावर दुधासारखा चट्टा असतो. ताजा असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवा. सुकलेल्यावर तेच व्हिनेगरचं फडकं दोन-तीन वेळा ठेवावं लागतं. डाग काढून ठिबक चालूच राहिली तर काम रोजचंच, म्हणून सेक्रेटरींना फोटोसकट गळती कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथे पत्र्याची पन्हळ लावून घ्या.

सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या माणसाशीही बोला. बोअरच्या पाण्याने धुतलं तरी चालेल, पण शेवटची अर्धी बादली नळाच्या पाण्याची द्या आणि सांगा, "दादा, ओली सोडू नका, उन्हाआधी कोरडी करा." एक मोठा मायक्रोफायबर टॉवेल त्यांच्या हाती ठेवा, फक्त आपल्या गाडीसाठी.