आधी पळता रोबोट, मग हत्यार

रिमोटवर चालणाऱ्या रोबोटांच्या लढतीत माझ्या पहिल्या रोबोटला कोणी हरवलं नाही. आखाड्यात उतरून चाळीस सेकंद झाले असतील, डाव्या मोटरची वायर कनेक्टरमधून निसटली आणि तो जागच्या जागी गोल फिरू लागला. गोल फिरण्याला चालणं धरत नाहीत. पंचांनी दहापर्यंत मोजलं आणि लढत संपली. समोरच्याला हत्यार चालू करायची वेळसुद्धा आली नाही. आमच्या हत्यारावर आम्ही तिघांनी दोन महिने आणि निम्म्याहून जास्त पैसे घातले होते. वायरिंग मात्र आदल्या रात्री उरकलं होतं.

मी अमळनेर तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा जळगावला केला. त्या हरण्यानंतर दुसरा रोबोट पूर्ण केला, तिसरा अजून टेबलावर आहे. खानदेशात राहून, घरच्या पैशांत ज्यांना हा छंद धरायचा आहे त्यांचे ते दोन महिने तरी वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

रोबोटच्या लढतींचा खेळ १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी भरवलेल्या ‘रोबोट वॉर्स’पासून नावारूपाला आला. आपल्याकडे कॉलेजच्या मुलांना त्याचं वेड लावण्यात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टचा मोठा वाटा. कुस्तीसारखेच इथेही वजनी गट असतात. आपल्या कॉलेजांमध्ये ८, १५, ३०, ६० किलोचे गट दिसतात, आणि नवखा मुलगा हमखास ८ किंवा १५ किलोवर उडी मारतो. आम्हीही ८ किलोवरच मारली. मोटरी मोठ्या, बॅटरी मोठी, पत्रा जाड, आणि एक मोटर जळाली की महिन्याचा मेसचा खर्च गेला. माझं ठाम मत आहे की पहिला रोबोट दीड किलोच्या आतला असावा. बाहेर या गटाला बीटलवेट म्हणतात, अमेरिकेत ३ पौंड म्हणजे १.३६ किलो आणि ब्रिटनमध्ये १.५ किलो. असा रोबोट दप्तरात मावतो, घरातल्या टेबलावर उघडता येतो, आणि मोडला तर आठवड्यात पुन्हा उभा राहतो.

माझ्या दुसऱ्या रोबोटचा हिशेब वहीत आहे, तो तसाच देतो. सहा चॅनेलचा फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट रिसीव्हरसकट ४,५०० रुपये, बॅलन्स चार्जर (बॅटरीचा प्रत्येक सेल सारखा भरणारा) १,६००, ३एस म्हणजे तीन सेलच्या, १००० एमएएचच्या दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या २,२००, दोन गिअर मोटरी १,१००, दोन ब्रश्ड ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) १,३००, आणि नटबोल्ट, वायर, कनेक्टर, भंगार मिळून ९००. एकूण ११,६००. यातले रिमोट आणि चार्जरचे ६,१०० रुपये एकदाच जातात, पुढच्या प्रत्येक रोबोटला तेच चालतात. म्हणून रिमोटवर काटकसर करू नका. आमच्या पहिल्या रोबोटला पैसे वाचवायला वायरचा रिमोट होता, डीपीडीटी म्हणजे मोटर पुढे-मागे फिरवणाऱ्या साध्या स्विचांचा. ती वायर रोबोटच्या चाकात येते, आणि वेग कमी-जास्त करता येत नाही. एक तर पूर्ण पळायचं, नाहीतर थांबायचं.

आता खरी गोष्ट मोटरची. माझे काका अमळनेरला विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करतात. दुसऱ्या रोबोटच्या वेळी मी ईएससी घ्यायच्या आधी दीडशे रुपयांचा एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारं छोटं सर्किट) लावून बघत होतो, कारण इंटरनेटवरच्या प्रत्येक शाळकरी प्रोजेक्टमध्ये तोच असतो. दुकानाच्या मागच्या ओट्यावर रोबोट भिंतीला टेकवून पुढे रेटला. चाकं घसरेनात, मोटरी अडकल्या आणि चार-पाच सेकंदांत ड्रायव्हरमधून धूर आला. काका समोर वाइंडिंग करत होते. मान वर न करता त्यांनी वासावरूनच ओळखलं.

“जाम व्हयनी ना मोटर, मंग ती करंट खास,” ते अहिराणीत म्हणाले. म्हणजे मोटर जाम झाली की ती करंट खाते.

मग उठून आले आणि मला मोजायला लावलं. त्यांचा क्लॅम्प मीटर एसीचा, त्याने बॅटरीचा करंट मोजता येत नाही. म्हणून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून मोटरच्या सिरीजमध्ये लावला. चाक हवेत मोकळं फिरताना ०.८ अँपिअर. मग काकांनी चाक मुठीत घट्ट धरलं, क्षणभरच, आणि काटा ७ अँपिअरवर गेला. एल२९८एनची कुवत एका मोटरमागे २ अँपिअर. शिवाय तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला कमी दाब मिळतो तो वेगळाच. गाळात अडकलेला पंप जसा वाइंडिंग जाळतो तसंच हे. लढतीत रोबोट अर्धा वेळ कशाला तरी रेटतच असतो. त्यामुळे मोकळ्या चाकाचा करंट बघून काहीही विकत घेऊ नका. चाक धरून जो आकडा येतो तो मोजा आणि ईएससी त्याच्या वरचा घ्या. ही एक मोजणी माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणातली सगळ्यात मोलाची.

वेगाचंही गणित साधं आहे. ६०० आरपीएमची मोटर म्हणजे सेकंदाला १० फेरे. चाक ६० मिलिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात जवळपास १९ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला १.९ मीटर. आठ फुटी आखाडा सव्वा सेकंदात पार. नवख्याच्या हाताला इतका वेग पुरतो.

सांगाड्यासाठी ॲल्युमिनियम शोधत मुंबई-पुण्याच्या साइट धुंडाळायची गरज नाही. आपल्या भागात केळी-कापसाच्या शेतांमुळे आणि ठिबकमुळे पाइपांचे तुकडे गल्लोगल्ली पडलेले असतात. त्यातला एचडीपीई म्हणजे चिवट पॉलिथिलीन हवा, कडक पीव्हीसी नको. एचडीपीई मार खाऊन दबतो, पीव्हीसी तडकून तुकडे होतो. तुकडा कोणता ते कळत नसेल तर टबात टाका. एचडीपीई पाण्यापेक्षा हलका, तरंगतो. पीव्हीसी तळाशी जातो. ही परीक्षा गरम करायच्या आधी करायची, कारण पीव्हीसी जास्त तापला तर घशाला झोंबणारा आम्लाचा विषारी धूर सोडतो. मोठ्या व्यासाचा जाड एचडीपीई पाइप उभा चिरून, हीट गनने हळूहळू मऊ करत दोन शहाबादी फरश्यांमध्ये दाबून ठेवला की सकाळी सपाट पाटी मिळते. त्यासाठी माझी पूर्ण संध्याकाळ गेली. घाई केली तेव्हा वरून वितळलं आणि आतून वाकडंच राहिलं. एचडीपीईला साधा गोंद धरत नाही, सगळं बोल्टने आवळायचं, आणि नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) घ्यायचे. साधा नट दोन धक्क्यांत सैल होतो.

पुढचा पाचर म्हणजे वेज मात्र पोलादाचाच. भंगारातून गाडीच्या कमानीचा पाटा घेतला. तो इतका कडक असतो की घरचं ड्रिल नुसतं चकाकत फिरतं, भोक पडत नाही. आमच्याकडचे लोहार याच पाट्यांचे विळे-कोयते बनवतात, त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी पाटा लाल करून ३ मिलिमीटरपर्यंत ठोकून घेतला, राखेत पुरून रात्रभर निवू दिला. मग मी भोकं पाडली. मग पुन्हा लाल करून तेलात विझवला आणि शेवटी मंद आचेवर निळसर रंग चढेपर्यंत धरला. हा शेवटचा टप्पा गाळला तर पाचर काचेसारखा फुटतो. १५ बाय ६ सेंटिमीटरचा तो तुकडा २१० ग्रॅमच्या आसपास भरला. कडा जमिनीला इतकी टेकवायची की खालून कागद जाता कामा नये. कुस्तीत पट काढतात तसं समोरच्याच्या चाकाखाली शिरायचं, त्याची चाकं उचलली की त्याची ताकद संपली.

चाकं मी जुन्या हवाई चप्पलच्या तळव्याची केली. होल सॉने गोल चकत्या कापून दोन-दोन चिकटवल्या. पकड चांगली, धक्का पचवतात, आणि कापली गेली तरी रोबोट पळत राहतो.

बॅटरीबद्दल थोडं सावकाश वाचा. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी घराघरात असते, टेबलावर मोटर तपासायला ती उत्तम, पण एकटीच अडीच किलोच्या आसपास भरते. रोबोटमध्ये लिपोच लागते. ३एस लिपो भरली की १२.६ व्होल्ट. प्रत्येक सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ठेवून देताना ३.८ वर ठेवायचा. फुगलेला सेल पुन्हा चार्जरला लावायचा नाही, मग बॅटरी कालच आणलेली असो. चार्ज होताना शेजारी बसायचं, वाळूची बादली जवळ, आणि खाली लाकूड-गादी काही नको. आपल्याकडची अडचण उन्हाची. चार्जिंगसाठी लिपोची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग करूच नका. मी पहाटे पाचला, वीज असेल तर, ओट्यावर करतो.

रिमोटमध्ये फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की रोबोट थांबवणारी सोय, स्वतः सेट करावा लागतो, तो आपोआप बरोबर असेलच असं नाही. चाकं हवेत ठेवा, रोबोट चालू करा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. स्पर्धेच्या तपासणीत हेच आधी बघतात, यात नापास झालात तर प्रवास फुकट.

आणि मग चालवा. रोबोट तयार झाल्यावर मी तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या खळ्यावर दोन विटांच्या भोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत होतो. रोबोट आपल्याकडे तोंड करून आला की डावं-उजवं उलटं होतं, ते बोटांना कळायला एवढे दिवस लागतातच. रोज काहीतरी सैल व्हायचं. एका बोल्टला ब्लू लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लागला, एका सांध्याची सोल्डरिंग मंद, भुरकट दिसत होती ती पुन्हा केली. शिसं असलेल्या सोल्डरचा चांगला सांधा चकाकतो. पहिल्या रोबोटची ती वायर खळ्यावरच निसटली असती तर किती बरं झालं असतं, हा विचार त्या दिवसांत खूप वेळा आला.

पुढच्या वर्षी जळगावहून रेल्वेने नाशिकला गेलो. दुसऱ्या लढतीत समोर स्पिनर होता, म्हणजे गरगर फिरणाऱ्या आडव्या पात्याचा रोबोट. त्याचा पहिला तडाखा बाजूच्या एचडीपीईवर बसला. बोटभर खोल घळ पडली, प्लास्टिकचा छिलका काथ्यासारखा वळून बाहेर आला, पण आतलं काही हललं नाही. दुसऱ्या वेळी मी पाचर समोर धरला. ठिणग्या उडाल्या, तो स्वतःच्या धक्क्याने मागे उडाला आणि त्याच्या पात्याचा पट्टा उतरला. पुढची दीड मिनिटं मी त्याला फक्त रेटत होतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लढत पंचांच्या निकालावर गेली. नुकसान, आक्रमकता आणि ताबा यांवर गुण देतात. आम्ही जिंकलो. काकांना फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मोटर किती तापली?

आता तिसरा रोबोट पात्याचा आहे. पातं २०० ग्रॅमचं, १५ सेंटिमीटर लांब. ८,००० आरपीएमवर त्यात १३० ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते, म्हणजे एक किलोचं वजन १३ मीटरवरून खाली सोडावं तेवढी. टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. एक बोल्ट तुटून उडाला तर तो कुठे जाईल हे आपल्या हातात नाही. म्हणून जाड पॉलीकार्बोनेटची (चिवट पारदर्शक प्लास्टिकची) बंद पेटी झाल्याशिवाय पातं एकदाही फिरवायचं नाही असं ठरवलं आहे, टेबलावर नाही, अंगणात नाही, “फक्त हळूच” पण नाही. पेटीचा लोखंडी सांगाडा वेल्ड झाला आहे, दोन बाजूंची पाटी घ्यायची आहे, त्याला अजून साडेतीन हजार लागतील. तोवर पातं पट्टा न चढवता काकांच्या कपाटात आहे, आणि मी तो रोबोट नुसताच खळ्यावर विटांभोवती पळवतो आहे.