‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी: प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या मनाबाबत या चुका टाळा

सोमवारी दप्तर भरून झालं की पोटात दुखायला लागतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. घरात हमखास एकच शब्द निघतो: नाटक. भीती वाटली की पचन बिघडतं, पोटात खरोखरच मुरडा येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे ‘धास्ती’ हा शब्द नसतो, पोट असतं. डॉक्टरांना एकदा दाखवाच. पण तपासणीत काही निघालं नाही म्हणजे दुखतच नव्हतं, असं नाही.

याच्या उलट चूक म्हणजे ‘राहू दे आज घरी’. त्या दिवशी सगळेच सुटतात, दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी झालेली असते. शाळेत पाठवा, फक्त पहिली दहा मिनिटं सोपी करा: बाईंनी दारातून हात धरून आत न्यावं, वह्या वाटायचं काम द्यावं. आणि भय नेमकं कशाचं, ते शोधा. बऱ्याचदा ते अभ्यासाचं नसतंच. शाळेचं स्वच्छतागृह, बसमधली मागची सीट, नाहीतर मधल्या सुट्टीत ‘मला कुणी खेळायला घेत नाही’.

मूल रागानं थरथरत असताना समजावणं वाया जातं. आधी पाणी, शांत कोपरा, जवळ बसणं. मग ‘का मारलंस?’ऐवजी ‘त्याआधी काय झालं?’ असं विचारा. ‘का’ला मुलं ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि बहुतेकदा ते खरं असतं.

शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करणं मला कधीच पटलेलं नाही. ज्याला धावायची सर्वांत जास्त गरज, त्यालाच बाकावर बसवायचं! शिवाय चिडचिड्या मुलाची झोप आधी मोजा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते.

दंगा करणारा सगळ्यांना दिसतो. माझी चूक वेगळी होती. दुसरीतली एक मुलगी, अक्षर सुंदर, तोंडातून शब्द नाही. प्रगतिपुस्तकात मी ‘शांत, गुणी’ लिहून मोकळी झाले. कागद फाटेपर्यंत ती एकच अक्षर खोडते आणि पुन्हा लिहिते, हे लक्षात यायला दुसरं सत्र उजाडलं.

झोप उडणं, जेवण कमी होणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, आवडता खेळ नकोसा वाटणं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना भेटा. ‘मला मरायचंय’ असं मूल म्हणालं, तर मात्र त्याच दिवशी.