पालकांनी क्लास लावावा का, आणि लावायचा तर कोणता?

‘मूल ऐकतच नाही’ ही तक्रार घेऊन पालकांसाठीचा कोर्स शोधायला बसलात, तर पहिला दिसेल तो आपल्यासाठीच काढलाय असं वाटेल. जाहिराती लिहिणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं. म्हणून फी, वेळ, शिकवणारे हे सगळं नंतर. आधी तक्रार बारीक करायची.

त्यासाठी एक वही आणि दोन आठवडे पुरतात. पानावर चार रकाने आखा: केव्हा, त्याआधी काय झालं, मुलाने काय केलं, मग घरच्यांनी काय केलं. ‘खूप हट्ट केला’ असं लिहू नका. जे दिसलं, ऐकलं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ: ‘रात्री ८.१०. “मोबाइल ठेव, जेवायला ये” तिसऱ्यांदा सांगितलं. जमिनीवर लोळला, ताट ढकललं. बाबा ओरडले, पाच मिनिटांनी आजीने मोबाइल हातात देऊन भरवलं.’ चौथा रकाना लिहिताना हात आखडतो, कारण तिथे मूल नसतं, आपण असतो. पण निर्णय त्याच रकान्यावरून होतो.

दहा-बारा नोंदी झाल्या की वही सलग वाचा. बहुतेक भांडणं साडेसात ते साडेआठमध्येच होत असतील, तर मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असण्याची शक्यता जास्त. जेवण अलीकडे आणा, झोपेची वेळ सांभाळा, आठवडाभर बघा. एवढ्यावर निभावलं तर कोर्सचे पैसे वाचले. मात्र चौथ्या रकान्यात आधी नकार, मग ओरडा, शेवटी हवं ते हातात, असंच पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर सवय दोन्हीकडे लागलेली आहे. लोळलं की मोबाइल मिळतो हे मूल शिकतं, आणि मोबाइल दिला की घर शांत होतं हे मोठे शिकतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांतली अशी भांडणं निरखून हे चक्र मांडलं. हट्ट, उलट बोलणं, आकांडतांडव यांसाठीचे बरेचसे पारखलेले कोर्स ते चक्र तोडण्यासाठीच रचलेले आहेत. तुमची अडचण या जातीची असेल तर क्लास लावा, उपयोग होईल.

काही गोष्टींसाठी मात्र कोर्स लावण्यात वेळ घालवू नका. वर्षाचं होऊनही मूल बोट दाखवत नाही, हातवारे करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं, मिसळणं मागे गेलं, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढचे उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होतात. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तिसरी-चौथीतल्या मुलाला अजून वाचताना अक्षरं लागत नसतील, तर तो आळस समजून शिस्तीचा कोर्स करणं म्हणजे त्याला दुहेरी शिक्षा. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर आजच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा, मूल एकटं राहणार नाही हे बघा आणि डॉक्टर गाठा. घरात मारहाण होत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आता निवड. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली ७७ अभ्यास एकत्र तपासले आणि पालकांच्या कोर्समधले कोणते भाग जास्त परिणामाशी जोडलेले दिसतात ते पाहिलं. त्यात सत्रातच स्वतःच्या मुलासोबत सराव करून घेणं, मुलाशी चांगला वेळ घालवायला शिकवणं, भावनांबद्दल बोलणं-ऐकणं शिकवणं आणि नियम रोज सारखाच पाळायला शिकवणं हे भाग पुढे आले. नुसतं ऐकून पोहता येत नाही, तसंच हे. म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न एकच: ‘सत्रात आम्ही काय करून बघणार?’ उत्तरात फक्त ‘तज्ज्ञांची व्याख्यानं आणि आजीवन व्हिडिओ’ असेल, तर ते व्याख्यान आहे. व्याख्यान ऐकायला हरकत नाही, पण त्याला कोर्सची फी देऊ नका.

सराव म्हणजे काय, याचा एक नमुना. बहुतेक चांगल्या कोर्समध्ये रोज पाच-दहा मिनिटांचा खेळ गृहपाठ म्हणून असतो. मूल ठोकळे रचतंय, तुम्ही शेजारी. ‘हा कोणता रंग?’, ‘अरे, असं नाही, मोठा खाली ठेव’ हे बंद. त्याऐवजी ‘तू लालवर निळा ठेवलास’, ‘पडला तरी परत रचतोयस, छान’. प्रश्न नाही, हुकूम नाही, चूक काढणं नाही. वाचायला सोपं वाटतं. करून बघा, पहिल्या मिनिटात चार प्रश्न तोंडातून निसटतात. कोणीतरी शेजारी बसून ते मोजून दाखवतं आणि मग हळूहळू सुटतं. या मोजण्या-दाखवण्याचेच पैसे द्यायचे असतात.

अभ्यासक्रमाचा क्रमही मागून घ्या. इन्क्रेडिबल इयर्ससारख्या जुन्या, बरीच तपासणी झालेल्या कोर्समध्ये खेळ आणि कौतुक आधी येतं, मर्यादा आणि परिणाम नंतर. याला कारण आहे. नातं सुधारण्याआधी शिस्त आली की मुलाला फक्त शिक्षा नवीन पद्धतीने होते. पहिल्याच सत्राचं नाव ‘मुलांना शिस्त कशी लावाल’ असेल तर मी तरी थबकेन.

मग बाकीचं पटापट. वयोगट नेमका हवा. ‘० ते १८ वर्षांसाठी’ या एकाच कोर्समध्ये दोन वर्षांच्या आणि दहावीच्या मुलाचे पालक शेजारी बसतात आणि दोघेही उपाशी उठतात. गट पंधराच्या आत. सत्रं आठ ते चौदा, आठवड्याला एक, प्रत्येकी दोन तासांच्या आसपास. दोन दिवसांच्या निवासी शिबिरात गृहपाठ करून परत येऊन विचारायला जागाच नसते. फी तासावर काढा: ९,००० रुपयांत दोन तासांची आठ सत्रं म्हणजे तासाला सुमारे ५६० रुपये. रेकॉर्ड केलेले तास यात धरू नका. जीएसटी धरून की वगळून, सत्र बुडालं तर काय, मधेच सोडलं तर किती परत, हे लेखी घ्या. नव्व्याण्णव रुपयांच्या वेबिनारमध्ये ‘आजच नाव नोंदवलं तर’ सुरू झालं की तिथून उठा.

शिकवणाऱ्यांबद्दल: ‘पेरेंटिंग कोच’ कोणीही म्हणवून घेऊ शकतं, त्याला कायद्याने नोंदणी लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, तो क्रमांक मागा. समुपदेशक किंवा शिक्षक उत्तम कोर्स घेऊ शकतात. फक्त कोणता ठरलेला कार्यक्रम शिकवता, त्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि एखादं मूल तुमच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर कुणाकडे पाठवता, ही तीन उत्तरं त्यांच्याकडे तयार हवीत. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारे आणि डोळे बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन’वाले यांना शास्त्रीय आधार नाही. कोर्ससोबत ते जोडून येत असतील तर कोर्सही नको.

शोधायचं कुठे? ठाण्याची मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी अशा संस्थांत पालकांसाठी कार्यशाळा होत असतात. विकासात अडचणी असलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत मुंबईत ‘उम्मीद’ काम करते. लहान मुलांसाठी अंगणवाडीचे पालक मेळावे फुकट असतात. इंग्रजी चालत असेल तर येल विद्यापीठाच्या ॲलन काझदिन यांचा पालकांसाठीचा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ यांच्या सहभागातून बनलेल्या ‘पेरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ’च्या पुस्तिका मोफत उतरवता येतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आधी आपल्या कौन्सिलकडे विचारावं. ट्रिपल पी किंवा इन्क्रेडिबल इयर्स हे पालकांचे कोर्स तिथे बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतात.

कोर्स सुरू झाल्यावर बऱ्याचदा एक घसरण येते. लोळण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवता आणि मूल आणखी मोठ्याने, आणखी वेळ लोळतं. पूर्वी चालणारी किल्ली चालेनाशी झाली की ते जास्त जोराने फिरवून बघणारच. अशा वेळी काही जण ‘आमच्या मुलावर चालत नाही’ म्हणून कोर्स सोडतात, आणि त्या दिवशी मोबाइल दिला तर मुलाला धडा मिळतो की आता वीस मिनिटं लोळावं लागतं. म्हणून एका वेळी एकच वागणं निवडा, घरात पाहुणे असतील तो आठवडा टाळा, आणि दुर्लक्षाच्या जोडीला मूल शांत झाल्याक्षणी लक्ष द्या. मारणं, चावणं, रस्त्यावर पळणं यांच्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं. तिथे लगेच थांबवायचं. सहा सत्रांनंतरही वहीतल्या नोंदींत काही फरक नसेल तर शिकवणाऱ्यांना एकट्याने भेटून मुलाच्या तपासणीबद्दल विचारा.

शेवटची अडचण घरातलीच. आई एकटी कोर्सला जाते, बाबांना ऑफिस, आणि दिवसभर मूल आजी-आजोबांकडे. नियम मग फक्त संध्याकाळी सातनंतर लागू होतो. दोघांनी एकाआड एक सत्र करण्यापेक्षा निदान पहिली दोन आणि मर्यादांवरची सत्रं दोघांनी मिळून करा. आजीला तासभर समजावत बसू नका. त्यांना जमेल असं एकच काम द्या, जसं ‘लोळत असताना काही द्यायचं नाही, उठून बसला की पहिला घास तुम्हीच भरवा’. आणि ते झालं की त्यांना सांगा की जमलं, तेही सगळ्यांसमोर.