टेलिकास्टरवर सिरीज वायरिंग करताय? या चुका टाळा

टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीवर दोन पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी कॉईल असतात: ब्रिजजवळचा ‘ब्रिज’ आणि मानेजवळचा ‘नेक’. पिकअप निवडायचा नेहमीचा थ्री-वे स्विच काढून फोर-वे बसवला की पहिल्या जागी ब्रिज, दुसऱ्या जागी दोन्ही पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी जोडून), तिसऱ्या जागी नेक आणि चौथ्या जागी दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक जोडून) वाजतात. खर्च थोडा आणि आवाजातला फरक मोठा. तरीही ‘स्विच बदलला आणि गिटार बिघडली’ ही तक्रार सारखी ऐकू येते. दोष सिरीजचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा एक इवलीशी तार तोडायची राहून गेलेली असते.

आधी शाळेतलंच गणित. एकसर (सिरीज) जोडणीत रोधांची बेरीज होते, समांतर (पॅरलल) जोडणीत सारखे दोन रोध मिळून निम्मा उरतो. समजा दोन्ही पिकअप ७ किलोओहमचे आहेत, तर सिरीजमध्ये १४ आणि पॅरललमध्ये ३.५. कानाला जाणवतो तो इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉईल करते तो विरोध), आणि तोही साधारण याच हिशेबाने वाढतो-घटतो. म्हणून सिरीजचा आवाज मोठा, जाड, मिड्सने (मधल्या पट्टीतल्या स्वरांनी) भरलेला येतो आणि वरची चमक कमी होते. पॅरललचा आवाज मोकळा, स्वच्छ, पण थोडा हलका. तेव्हा पॅरलल हलका वाटला म्हणून सोल्डरिंग उकरत बसू नका, तो तसाच असतो.

सिरीज म्हणजे नुसता गढूळ आवाज, हा समजही सोडा. ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांबरोबर बनवायला घेतलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारीत तिन्ही पिकअप सिरीजमध्येच आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंदचा व फेजचा (सिग्नलची दिशा उलटवण्याचा) वेगळा स्विच आहे. त्या गिटारीचा आवाज गढूळ आहे असं कोण म्हणेल?

खरी गोम: नेक पिकअपचं कव्हर

टेलिकास्टरच्या, म्हणजे टेलीच्या, नेक पिकअपला धातूचं कव्हर असतं. पिकअप उलटा करून उजेडात धरा. काळी वायर जिथे सोल्डर केलेली आहे तिथून कव्हरच्या वाकवलेल्या कानापर्यंत एक छोटी तार गेलेली दिसेल. नेहमीच्या वायरिंगमध्ये काळी वायर थेट ग्राउंडला जाते, म्हणून कव्हरही ग्राउंड होतं आणि सगळं शांत असतं. सिरीजसाठी मात्र हीच काळी वायर ग्राउंडवरून उचलून ब्रिज पिकअपच्या हॉटला (सिग्नल नेणाऱ्या वायरला) जोडावी लागते. कव्हरही तिच्याबरोबर सिग्नलवर जातं. मग वाजवताना कव्हरला बोट लागलं रे लागलं की अँपमधून घूंऽऽ सुरू.

काही जण कव्हरला वेगळी ग्राउंड वायर लावतात, पण जुनी तार तशीच ठेवतात. तेव्हा काळी वायर कव्हरमार्फत कायमची ग्राउंड होते आणि चौथ्या जागी ब्रिज पिकअप शॉर्ट होऊन गप्प बसतो. माझ्या पहिल्या फोर-वेला नेमकं हेच झालं होतं. तिसरी आणि चौथी जागा अगदी सारखी वाजायची. स्विच खराब असेल म्हणून मी दुसरा आणून लावला, तोही तसाच वाजला. पिकअप बाहेर काढल्यावर ती तार दिसली.

तार कटरने तोडा, सोल्डरिंग आयर्न लावून सोडवू नका. कॉईलची टोकंही तिथेच सोल्डर केलेली असतात आणि कॉईलची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची, साधारण केसाएवढी असते. एक हिसका बसला की पिकअप गेला. मग कव्हरच्या कानापासून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीपर्यंत नवी वायर ओढा. ब्रिज पिकअपचं ग्राउंड मात्र उचलू नका. त्याच्या खालची प्लेट, ब्रिज आणि तारा सगळं त्याच ग्राउंडवर असतं.

फेज आणि रंग

दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा बारीक येत असेल, तर फेज उलटी आहे. नेक पिकअपच्या काळ्या-पांढऱ्या वायरींची अदलाबदल करा, पण कव्हरची ती तार तोडल्यावरच.

हंबकर (दोन कॉईलचा पिकअप) लावणाऱ्यांनी रंगांवर भरवसा ठेवू नये, ते कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी वायर हॉट असते आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची असते. डिमार्झिओमध्ये लाल वायर हॉट आणि जोडायची ती काळी-पांढरी. एकाची आकृती बघून दुसरा जोडला, तर दोन कॉईल एकमेकींच्या विरुद्ध होतात. मल्टीमीटर हे सांगत नाही, रोध तेवढाच दाखवतो. त्यासाठी काट्याचा मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा, पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचला आणि काटा कुठे उडतो ते पाहा. हॉट आणि ग्राउंडची प्रोब न बदलता प्रत्येक कॉईलला तो एकाच बाजूला उडायला हवा.

कंट्रोल प्लेट बंद करण्यापूर्वी

जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर धरा. २५० के (किलोओहम) चा पॉट समांतर असल्याने आकडे थोडे कमी येतील. वरच्या उदाहरणात एकेकटा पिकअप ६.८ च्या आसपास, पॅरलल ३.४५, सिरीज १३.३. पॅरललच्या जागी ६.८ दिसले, तर एक पिकअप जोडलेलाच नाही. चौथ्या जागी थेट पॉटचेच २५० दिसले, तर साखळी कुठेतरी तुटली आहे. मग तिसऱ्या जागी या. तिथेही २५० असेल तर नेकची कॉईल किंवा तिची वायर तपासा. तिथे ६.८ येत असेल तर पहिल्या जागी ब्रिज मोजा, आणि तोही ठीक निघाला तर स्विचवरचा दोघांना जोडणारा सोल्डर नीट धरलेला नसेल (ड्राय सोल्डर), तो पुन्हा तापवा.